पाण्याकडे पाठ करून चाला: जुन्या शहराचा किनारा पायी पाहताना

जुन्या बंदराच्या शहरात नवा माणूस पोचला की त्याचे पाय आपोआप कठड्याकडे वळतात. समोर पाणी, होड्या, पलीकडचा तीर. दोन तास तो पाण्याकडे बघत चालतो, फोटो काढतो आणि किनारा पाहून झाला असं समजून परततो. मीही बरीच वर्षं असाच चालायचो. छान वाटायचं, पण या शहराचा किनारा त्या शहराहून वेगळा का, हे कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. मग एका फेरीत पाय दुखले म्हणून बाकावर पाण्याकडे पाठ करून बसलो, आणि समोरच्या वखारीच्या भिंतीवर, चौथ्या मजल्याच्या उंचीला, कुठेच न जाणारा एक दरवाजा दिसला. त्या दरवाजाचं कोडं उलगडता उलगडता किनारा पाहण्याची माझी सगळी पद्धतच बदलली.

ती पद्धत इथे मांडतो. अर्धा दिवस हाताशी आहे, दोन-तीन किलोमीटर चालायची तयारी आहे आणि शहर अगदी नवीन आहे, असं धरून चाललोय. ध्यानात एकच गोष्ट ठेवायची: आज जिथे पाणी सुरू होतं ती शहराची मूळ कड बहुधा नाही. मूळ कड आत कुठेतरी आहे, आणि ती सापडली की बाकीचं शहर आपोआप उलगडू लागतं.

निघण्याआधी भरतीची वेळ बघा

हवामान सगळेच बघतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फार थोडे बघतात, आणि फेरी साधते की फसते ते बरंचसं त्यावर ठरतं. बहुतेक समुद्रकिनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी नऊला पाणी उतरलं होतं म्हणून आजही नऊलाच उतरेल, असं गृहीत धरू नका.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं, तसंच खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. पायी फिरणाऱ्याला उधाणाच्या दिवसांतली ओहोटी सगळ्यात फायद्याची, कारण एरवी पाण्याखाली असलेली धक्क्याची भिंत, जुने खांब, बुडालेल्या पायऱ्या तेव्हाच उघड्या पडतात. ओहोटीच्या तासभर आधी पोचा. ओहोटीच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास पाणी संथ असतं. सहा तासांच्या चढउतारातला जवळजवळ निम्मा भाग मधल्या दोन तासांतच होऊन जातो.

अर्थात हे प्रमाण जागोजागी बदलतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत वरखाली होतं, म्हणजे पाच मजली इमारत बुडेल इतकं. लंडनमध्ये थेम्स ही नदी असूनही समुद्राच्या भरतीने सात मीटरच्या आसपास चढते. उलट भूमध्य समुद्राच्या बऱ्याच बंदरांत फरक इतका थोडा की डोळ्यांना जाणवतही नाही. भरती न पोचणाऱ्या नदीकाठच्या शहरात तर वेळापत्रकाचा उपयोग नाही. तिथे वरच्या अंगाला किती पाऊस झालाय ते विचारायचं.

दुसरी गोष्ट, किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशात बघा. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी जा, पश्चिमेकडे असेल तर दुपार कलल्यावर. म्हणजे ऊन पाण्यावरून येऊन थेट इमारतींच्या दर्शनी भागावर पडतं, कोरीवकाम आणि पुसट झालेली अक्षरं उठून दिसतात, आणि पाण्याकडे पाठ असल्यामुळे तुमच्या डोळ्यांत ते येत नाही. फोटोवाले नेमकं उलटं करतात आणि मग इमारती काळ्या आल्या म्हणून हळहळतात.

बूट घसरणार नाहीत असे, टाच रुंद. एक वाऱ्याला आवरणारा थर बरोबर, कारण उन्हाच्या दिवशी दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि शहराच्या आत जाणवत नाही इतका गारठा कडेवर असतो. एवढं पुरे.

नकाशावर वाकडी गल्ली शोधा

आदल्या रात्री पंधरा मिनिटं नकाशासमोर बसा. आजचा नकाशा उघडा आणि शक्य असेल तर शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा शेजारी ठेवा. बऱ्याच शहरांचे जुने नकाशे ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी सर्वांसाठी खुले ठेवलेत. दोन्हीत पाण्याची रेषा कुठे आहे, एवढंच आधी बघायचं.

जुना नकाशा मिळाला नाही तरी अडत नाही. आजच्या नकाशात आखीव, काटकोनात छेदणारे सरळ रस्ते पाण्यालगत दिसले आणि त्यांच्या मागे एक रस्ता नागमोडी गेलेला दिसला, तर तो नागमोडी रस्ता बहुतेक वेळा जुना किनारा असतो. माणसं पाण्याच्या कडेकडेने चालत होती, त्या पायवाटेचाच रस्ता झाला. भरावाची जमीन मात्र कागदावर पट्टीने आखून तयार होते, म्हणून ती सरळ.

रस्त्यांची नावंही बोलतात. लंडनच्या ‘स्ट्रँड’ रस्त्याच्या नावाचा अर्थच तीर, काठ. आज तिथून थेम्स दिसत नाही. सिंगापूरचा ‘बीच रोड’ आता समुद्रापासून चांगलाच आत आहे. शांघायच्या प्रसिद्ध नदीकाठाचं ‘बंड’ हे नाव तर आपल्याला परकं वाटायला नको. फारसीतल्या आणि हिंदुस्थानीतल्या ‘बंद’वरून, म्हणजे बांध-बंधाऱ्याच्या अर्थाने, ते इंग्रजांबरोबर तिथवर पोचलं. घाट, धक्का, बंदर, गोदी, वखार अशा अर्थाचं नाव पाण्यापासून लांबच्या गल्लीला दिसलं की नकाशावर तिथे खूण करून ठेवा. परतताना तिकडूनच यायचं आहे.

जाताना कडेने, येताना आतून

नवख्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येणं. बोर्डवॉक, म्हणजे पाण्यालगतची फळ्यांची वाट, एका बाजूने पूर्ण चाला आणि परतीला पाण्यापासून एक-दोन गल्ल्या आतली वाट घ्या. वेळ तेवढाच लागतो, पाहणं दुप्पट होतं. सुरुवात शक्यतो गजबजाटापासून लांबच्या टोकाने करा. तिथे अजून एखादी बोट-दुरुस्तीची जागा, बर्फाचा कारखाना किंवा मासे उतरवायची जेटी चालू असण्याची शक्यता जास्त असते. आधी कामाचा किनारा पाहिला की पुढचा नटवलेला किनारा कशाचा उरलेला भाग आहे ते समजतं.

पहिली वीस मिनिटं एकही माहितीफलक वाचू नका, फोन खिशात ठेवा. प्रश्न पडायला जागा द्या. फलक उत्तरं देतात, आणि प्रश्न पडण्याआधी मिळालेली उत्तरं लक्षात राहत नाहीत.

पायाखाली बघा

फळ्यांच्या वाटेची कल्पना फार जुनी आहे असं वाटतं, पण समुद्रकिनारी फेरफटक्यासाठी बोर्डवॉक बांधायची मोठी लाट सुरू झाली ती १८७० साली, अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत. कारण अगदी घरगुती होतं. पर्यटकांच्या पायांबरोबर हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत वाळू येत होती. अलेक्झांडर बोर्डमन नावाच्या रेल्वे कंडक्टरने आणि जेकब कीम या हॉटेलवाल्याने वाळूवर फळ्या अंथरायचं सुचवलं. सुरुवातीला हंगाम संपला की त्या फळ्या चक्क उचलून ठेवत. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा बोर्डवॉक १९२३ साली खुला झाला. तिथे फळ्या माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवल्या आहेत.

बंदरांच्या शहरांतल्या फळ्यांची वाट मात्र वेगळ्या वंशाची आहे. तिथे फळ्या असायच्या त्या माल उतरवायच्या धक्क्यांवर, लाकडी खांबांच्या रांगांवर, आणि फिरायला येणाऱ्यांना तिथे मज्जावच असे. मग त्या आपल्यासाठी खुल्या कधी झाल्या? २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. ट्रकवाहतुकीच्या धंद्यातून आलेल्या माल्कम मॅकलीन यांचा तो प्रयोग होता. पुढच्या दोन-तीन दशकांत मालवाहतूक कंटेनरवर गेली. कंटेनरच्या जहाजांना खोल पाणी हवं, आणि धक्क्यामागे मोकळी विस्तीर्ण जमीन हवी. शहराच्या पोटातल्या दाटीवाटीच्या जुन्या गोद्यांना यातलं काहीच देता येईना. बंदरं मुखाकडे किंवा शहराबाहेर सरकली, गोद्या ओस पडल्या, हमालांच्या पिढ्या बेकार झाल्या. लिव्हरपूलची १८४६ सालची आल्बर्ट गोदी १९७२ मध्ये बंद झाली आणि पुढच्या दशकात डागडुजी होऊन संग्रहालयं-कलादालनांसाठी पुन्हा उघडली. सॅन फ्रान्सिस्कोत तर किनारा आणि शहर यांच्यामध्ये उंचावरून जाणारा महामार्ग होता. १९८९ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला, १९९१ मध्ये पाडला, आणि लोकांना पाणी पुन्हा दिसू लागलं.

आपण मोकळेपणाने चालतो ती वाट कुणाच्या तरी गेलेल्या रोजगारावर अंथरलेली आहे, हे मला प्रत्येक वेळी आठवतं. म्हणून फळ्यांखाली बघायला सांगतो. ओहोटीला कठड्यावरून वाकून, किंवा बाजूच्या पायऱ्यांवरून, खांबांच्या रांगा दिसतात का पाहा. नव्या वाटेखाली, तिच्याशी न जुळणाऱ्या ओळीत, तुटके काळे खुंट उभे असतील तर ते जुन्या जेटीचे.

ते कुठे कुजलेत तेही बघण्यासारखं असतं. कायम पाण्यात बुडालेल्या लाकडाला बुरशी लागत नाही, कारण तिला हवा मिळत नाही. कधी ओलं, कधी कोरडं होणाऱ्या पट्ट्यात मात्र ते झिजून बारीक होतं. खाऱ्या पाण्यात आणखी एक वैरी असतो, शिपवर्म. नावात किडा असला तरी तो शिंपल्यांच्या जातीचा जीव. लाकूड आतून पोखरतो, वरून काही कळत नाही. १९१९-२० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात त्याने धक्केच्या धक्के कोसळवले. तुटक्या खुंटाच्या तोंडाशी बोटभर जाडीची भोकं दिसली तर ती त्याचीच कामगिरी.

एक सूचना आत्ताच: ओल्या फळ्या, आणि त्याहून जास्त हिरव्या झालेल्या दगडी पायऱ्या, बर्फासारख्या घसरतात. पाणी उतरलेलं असताना पायरीवर हिरवा थर जिथून सुरू होतो तिथे थांबा. त्याखाली पाऊल टाकायचं नाही. फळ्यांच्या फटीत काठीचं टोक, बारीक टाच आणि चाकाच्या खुर्चीचं पुढचं लहान चाक अडकतं, त्यामुळे अशा कुणाबरोबर असाल तर फटींना आडवं जाईल अशी दिशा धरा.

धक्क्याची कड

आता कडेवर उभे राहा, पण नजर लांब नको, दोन पावलांवर ठेवा. दोर बांधायचे लोखंडी खुंट दिसतील. त्यांची मान कुठे झिजून गुळगुळीत झालीय ते हात फिरवून बघा. झीज कुठल्या बाजूला जास्त आहे त्यावरून जहाज कुठल्या अंगाला लागत होतं याचा अंदाज येतो. कड दगडी असेल तर दोरांनी पाडलेल्या खोबणी सापडतात. काही बंदरांत निकामी झालेल्या तोफा तोंड वर करून जमिनीत गाडल्या आणि त्यांचेच खुंट केले. वरून निमुळता, वरच्या टोकाला गोल टोपी असलेला जाडजूड खुंट दिसला तर ही शक्यता मनात धरा.

भिंतीतल्या लोखंडी कड्या मोजा. कड्या पाण्याच्या अगदी जवळ असतील तर लहान होड्यांसाठी, उंचावर असतील तर मोठ्या जहाजांसाठी. जमिनीत पुरलेले रूळ दिसले तर ते रेल्वेचे की क्रेनचे ते बघा. क्रेनच्या दोन रुळांतलं अंतर रेल्वेच्या रुळांपेक्षा पुष्कळ जास्त असतं, आणि रूळ कडेला समांतर धावतात. पायाखालचे दगड शहरातल्या इतर इमारतींच्या दगडापेक्षा निराळे वाटले तर थांबा. मालाविना येणारी जहाजं समुद्रात कलंडू नयेत म्हणून तळाशी दगड भरून आणत आणि परतीचा माल चढवताना ते धक्क्यावर टाकून देत. अमेरिकेतल्या सॅव्हाना शहराची नदीकाठची फरसबंदी अशाच दगडांची. ते दगड आले आणि कापूस गेला.

पुलाच्या खांबावर, जुन्या भिंतीवर, नगरभवनाच्या कोपऱ्यावर आडव्या रेघा आणि शेजारी साल कोरलेलं आहे का, तेही शोधा. ते पुराचे मापदंड. जर्मनीतल्या पासाऊला तीन नद्या एकत्र येतात. तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर अशा रेघा एकावर एक आहेत. २०१३ सालचा पूर १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा. अशा रेघेखाली उभं राहून आपली उंची ताडून पाहा. तळमजल्याला खिडक्या का नाहीत, उंबरा तीन पायऱ्या वर का, हे मग कुणी सांगावं लागत नाही.

आता पाठ फिरवा

पाण्याकडे पाठ करा आणि इमारतींच्या रांगेसमोर निदान अर्धा तास घालवा. फेरीतला सगळ्यात भरीव अर्धा तास हाच.

आधी वर बघा. छपराच्या टोकाशी भिंतीतून बाहेर आलेला एक दांडा किंवा तुळई, तिला कप्पी अडकवायचा आकडा, आणि तिच्या बरोबर खाली प्रत्येक मजल्यावर एकावर एक दरवाजे. सुरुवातीला सांगितलेला कुठेच न जाणारा दरवाजा तो हाच. माल जिन्याने चढत नव्हता, बाहेरून दोराने वर ओढून त्या दरवाजातून आत घेत. ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांवरची कितीतरी घरं पुढे झुकलेली दिसतात, आणि त्यामागे वर चढणारा माल भिंतीवर व खिडक्यांवर आपटू नये हा हिशेब होता. हॅम्बुर्गचा गोदामांचा भाग १८८३ पासून बांधला गेला, ओकच्या खांबांवर. तिथल्या वखारींना दोन तोंडं आहेत, एक कालव्याकडे आणि एक रस्त्याकडे. माल पाण्यातून यायचा आणि गाडीवरून जायचा. म्हणून तिथे नुसत्या रस्त्याने फिरलात तर इमारतीची अर्धीच बाजू पाहिलीत. पुलावर उभे राहून पाण्याकडची बाजू बघायलाच हवी.

मग खिडक्या. लहान, उंचावर, लोखंडी झडपांच्या असतील तर आत मौल्यवान माल होता आणि आगीची धास्ती होती. बंदरातली आग म्हणजे शहराचा शेवट, कारण तेल, डांबर, दोरखंड, लाकूड सगळं एका जागी. लिव्हरपूलच्या आल्बर्ट गोदीच्या वखारी याच धास्तीतून जन्मल्या. ओतीव लोखंड, वीट आणि दगड एवढंच वापरलं, बांधणीत लाकूड ठेवलं नाही. उलट नॉर्वेतल्या बर्गनचा जुना धक्का पूर्ण लाकडी. तो पुन्हा पुन्हा जळला आणि दर वेळी लोकांनी तो जुन्याच आखणीवर उभा केला. दोन्ही शहरांना आगीचीच भीती होती, पण त्यांनी काढलेली उत्तरं किती वेगळी.

रांगेत सगळ्यात भारदस्त इमारत कोणती ते ठरवा. बऱ्याचदा ते कस्टम हाऊस, म्हणजे जकातघर, निघतं, कारण बंदराचा पैसा जकातीतून सरकारकडे जायचा आणि सरकारला ते सगळ्यांना दिसावं असं वाटायचं. शांघायच्या बंडवर १९२७ चं कस्टम हाऊस मनोऱ्यातल्या घड्याळासह उभं आहे. घड्याळ ही इथे शोभेची वस्तू नव्हे. समुद्रात रेखांश काढायला अचूक वेळ लागते आणि घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तावर जहाजाची जागा एका सागरी मैलाने चुकते. म्हणून निघण्यापूर्वी जहाजातलं घड्याळ बंदराच्या वेळेशी ताडून घेत. ग्रीनिचच्या वेधशाळेवर १८३३ पासून यासाठी एक मोठा गोळा आहे. तो १२:५५ ला अर्ध्यावर चढतो, १२:५८ ला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली पडतो. थेम्समधल्या जहाजांवरून तो दिसत असे. तुमच्या शहरात टेकडीवर किंवा मनोऱ्यावर दांड्याला अडकवलेला असा गोळा दिसला, किंवा रोज ठरल्या वेळी तोफ उडत असली, तर तिचा मूळ हेतू हाच आहे का ते विचारा.

परतीची वाट: जुनी कड

आदल्या रात्री खूण केलेल्या गल्लीतून आता परत या. तीन गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली, जमिनीचा उतार. भराव सपाट असतो. चालता चालता अचानक चढ लागला, दोन-चार पायऱ्या आल्या किंवा आडव्या गल्ल्या पाण्याकडे झपकन उतरू लागल्या, तर तुम्ही जुन्या काठावर आलात. सॅव्हानामध्ये हा काठ मुळातच उंच कडा होता. तिथे वखारींचे खालचे मजले नदीच्या रस्त्यावर उघडतात आणि वरचे मजले मागच्या बाजूने लोखंडी पुलांनी शहराला जोडलेत. दलाल त्या पुलांवरून खाली चाललेला कापूस न्याहाळत.

दुसरी, जागा चुकलेल्या इमारती. लंडनच्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या बागेत १६२६ च्या सुमाराची एक देखणी कमान आहे, यॉर्क वॉटर गेट. ती एका हवेलीचा होडीत उतरायचा दरवाजा होती. आज नदी तिच्यापासून शंभराहून अधिक मीटर लांब आहे, कारण १८६० च्या दशकात अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी नदीत भिंत घालून काठ पुढे नेला. त्या भरावात शहराचं मुख्य सांडपाणी वाहून नेणारं गटार आणि भुयारी रेल्वे दोन्ही सामावली. बॉस्टनचं कस्टम हाऊस १८४७ मध्ये पूर्ण झालं तेव्हा जहाजं त्याच्या दाराशी लागत. आता त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये आख्ख्या गल्ल्या आहेत. सिंगापूरच्या तेलोक आयर रस्त्यावरच्या थियान हॉक केंग मंदिरात समुद्र सुखरूप पार केलेले लोक उतरल्या उतरल्या आभार मानायला जात, कारण तेव्हा ते ऐन किनाऱ्यावर होतं. आज त्याच्यासमोर उंच इमारती आहेत.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, फलकावर किंवा संग्रहालयातच कळते: पायाखाली काय गाडलंय. सॅन फ्रान्सिस्कोत १८४९ च्या सोन्याच्या धावपळीत खलाशी जहाजं सोडून डोंगरांकडे पळाले. रिकाम्या जहाजांच्या कुणी वखारी केल्या, आणि मग भराव टाकताना कितीतरी तशीच गाडली गेली. शहराच्या व्यापारी भागात पाया खणताना ती सापडत आली आहेत. इस्तंबूलला येनिकापी इथे रेल्वेचं काम करताना बायझंटाइन काळातलं बंदर आणि ३७ जहाजांचे सांगाडे मिळाले.

रिओ दि जानेरोच्या वालोंगो धक्क्यापाशी मात्र जास्त वेळ थांबावं लागतं. १८११ पासून आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली लाखो माणसं त्या दगडांवर उतरवली गेली. १८४३ साली एका राजकन्येच्या स्वागतासाठी त्यावर नवा, देखणा धक्का बांधून तो झाकला. पुढे तोही भरावाखाली गेला. २०११ मध्ये बंदराच्या नूतनीकरणाच्या खोदकामात तो पुन्हा उजेडात आला आणि २०१७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. आज तो पाण्यापासून आत, खड्ड्यासारख्या खोलगट जागेत आहे. अशा ठिकाणी नुसतं बांधकाम पाहून पुढे जाऊ नका. बंदराच्या शहरात फलक बहुधा व्यापाऱ्यांचे आणि गव्हर्नरांचे असतात. माल कुणी उचलला, कोण स्वखुशीने आलं आणि कुणाला बेड्या घालून आणलं, हे प्रत्येक किनाऱ्यावर विचारायला हवं. लिव्हरपूलने गुलामगिरीवरचं संग्रहालय आल्बर्ट गोदीतच उभारलं. अमेरिकेतल्या चार्ल्सटनने २०२३ मध्ये आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय गॅड्सडेन धक्क्याच्या जागी उघडलं. तुमच्या शहरात असं काही असेल तर वेळ राखून ठेवा.

जपायच्या गोष्टी

ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीही उभे राहू नका. बोट लागताना किंवा सुटताना जाड दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो. गळ टाकून बसलेल्यांच्या मागून जाताना आवाज देऊन जा. कठडा नसलेल्या धक्क्यावर फोटोसाठी मागे मागे सरकणं हा किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे, आणि तो दर वेळी क्षुल्लक वाटतो.

काही ठिकाणी फळ्यांची वाट म्हणजे कुणाचं तरी अंगण असतं. मलेशियात पेनांगच्या जॉर्ज टाउनला चिनी कुळांच्या जेट्या आहेत, पाण्यावर खांबांवर उभी घरं आणि मधून फळ्यांची गल्ली. लोक तिथे आजही राहतात. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावू नका, सांजवेळी आवाज कमी ठेवा. ओहोटीला चिखलात एखादं जुनं मडक्याचं खापर चमकलं तर पाहा आणि तिथेच ठेवा. थेम्सच्या काठी शोधायला, उकरायलाही बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि नियम कसेही असले तरी वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी माहिती जाते.

अंधार पडताना पाण्याकडे तोंड करा

सगळं पाहून झाल्यावर, शेवटचा अर्धा तास, आता खुशाल कठड्याला टेका. एखादं मालवाहू जहाज जवळून जात असेल तर त्याच्या कुशीवर मधोमध एक वर्तुळ, त्यातून गेलेली आडवी रेघ आणि शेजारी शिडीसारख्या रेघा शोधा. माल भरला तरी जहाजाने कितपत पाण्यात बसावं याची ती मर्यादा. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी खलाशांच्या जिवासाठी ती रेटून धरली आणि १८७६ च्या कायद्याने अशी खूण सक्तीची झाली. रेघा अनेक असतात कारण गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं, आणि हिवाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रासाठी मर्यादा वेगळी लागते.

मग दिवे लागतात. बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) आणि उजव्या हाताला हिरवा, ही जगातल्या बहुतेक भागांतली रीत. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये मात्र बरोबर उलटं. जहाजाचे स्वतःचे दिवे सगळीकडे सारखेच: डाव्या कुशीला लाल, उजव्या कुशीला हिरवा, मागे पांढरा. म्हणून काळोखात नुसता लाल दिसला तर ते जहाज तुमच्या डावीकडे चाललंय, नुसता हिरवा दिसला तर उजवीकडे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ते सरळ तुमच्याच दिशेने येतंय. पहिल्या संध्याकाळी दोन-तीन जहाजं अशी ओळखून बघा, ती पुढे कुठे गेली यावर लगेच पडताळाही मिळतो.